चौदा दिवसांची नोटीस

गवत किती वाढलं म्हणजे ‘वाढलं’ म्हणायचं, यावर तावातावाने भांडणारी माणसं मला रोज भेटतात. आमच्या वसाहतीच्या नियमावलीत सहा इंच लिहिलेत. मी काही पट्टी घेऊन कुणाच्या अंगणात उतरत नाही. तशी मुभाही नाही. गोल्फ कार्टमध्ये बसून रस्त्यावरून दिसेल तेवढंच बघायचं, टॅबलेटवर फोटो काढायचा, पत्ता टाकायचा, पुढच्या घराकडे वळायचं. ड्राइव्हवेवर चढलेलं काळं शेवाळ, पामच्या लोंबणाऱ्या वाळक्या झावळ्या, रंग उडालेली टपालपेटी, कचरा उचलायचा वार नसताना बाहेर उभा असलेला डबा, ट्रेलरवर चढवून ठेवलेली बोट, फुलझाडांच्या वाफ्यात रोवलेला प्लॅस्टिकचा गुलाबी फ्लेमिंगो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की इथलं सेंट ऑगस्टीन गवत बघता बघता घोट्याला लागतं आणि माझी यादीही लांबत जाते.

लोक आम्हाला ‘गवत-पोलीस’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण मी क्लबहाऊसमध्ये कॉफी घ्यायला गेले की आजूबाजूच्या टेबलांवरचे आवाज जरा खाली येतात.

मध्य फ्लोरिडातली पंचावन्नच्या पुढच्यांची ही वसाहत. न्यू जर्सीत आम्हा दोघांच्या नोकऱ्या झाल्या, बर्फ उपसून उपसून नवऱ्याची कंबर गेली, तेव्हा जिथे बर्फही नाही आणि राज्याचा आयकरही नाही अशा जागी येऊन पडलो. थोडे दिवस पोहणं, ब्रिज, योगासनं झाली. मग हात शिवशिवायला लागले. कम्युनिटी असोसिएशन मॅनेजरचं लायसन्स काढलं. सोळा तासांचा वर्ग आणि राज्याची परीक्षा, एवढंच असतं ते. वसाहतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीत अर्धवेळ लागले. डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला सोसायटीच्या नोटिशी काही नव्या नव्हत्या. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे, गच्चीत गाद्या घालू नयेत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या गाद्या गच्चीत असायच्या. इथे तसं चालत नाही. इथली नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने जाते आणि तिच्यामागे कोर्ट उभं असतं.

डीड रिस्ट्रिक्शन म्हणजे घराच्या खरेदीखताला चिकटलेल्या अटी. घरं उभी राहण्याआधीच बिल्डर एक दस्त काउंटीच्या दप्तरात नोंदवतो: छपराला हे हे रंग, पुढच्या अंगणात कुंपण नाही, दारात शोभेच्या मूर्ती नाहीत, घरात धंदा नाही. या अटी माणसाला नाही, जमिनीला बांधलेल्या असतात. घर विकलं की त्या नव्या मालकाकडे आपोआप जातात, त्याने वाचल्या असोत वा नसोत. व्यवहाराच्या दिवशी सह्यांसाठी जो कागदांचा गठ्ठा समोर येतो त्यात हे जाडजूड बाडही असतं, आणि ज्याचा सगळा जीव किल्ल्यांत अडकलाय तो माणूस ते वाचत बसत नाही. सही ठोकतो. पुढे कधीतरी माझं पत्र गेलं की तोच माणूस मला अमेरिकेची राज्यघटना ऐकवतो. मी ऐकून घेते. मग सांगते, की हा तुमच्या-आमच्यातला करार आहे, आणि तुमच्या बाजूची सही तुमचीच आहे.

म्हाताऱ्यांचं वेगळं गाव ही कल्पना ॲरिझोनातली. फिनिक्सजवळ १९५४ साली असं पहिलं गाव वसलं, त्याचं नाव यंगटाउन. त्याला लागूनच डेल वेब या बिल्डरने १ जानेवारी १९६० ला सन सिटी उघडली आणि नमुन्याची घरं बघायला पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसं लोटली. गोल्फ हवा, तरणतलाव हवा, पोरांचा गोंगाट नको. पुढे १९८८ मध्ये घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली. लेकुरवाळ्या कुटुंबांना घर नाकारणं बेकायदा ठरलं, पण ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट मिळाली. १९९५ च्या कायद्याने ही सूट आणखी सुटसुटीत केली: राहत्या घरांपैकी किमान ऐंशी टक्के घरांत निदान एक माणूस पंचावन्नचा किंवा पुढचा हवा, तसं धोरण जाहीर केलेलं हवं आणि वयाची पडताळणी वेळोवेळी व्हायला हवी. म्हणून दर दोन वर्षांनी मी सत्तरी-ऐंशीतल्या लोकांकडे वयाचा दाखला मागते. नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंनी लायसन्स पुढे करत मला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, मी खोटं वय सांगून आत शिरलेय?”

या अटींचा इतिहास काही नुसता गवताचा आणि गोल्फचा नाही. एका जुन्या जमिनीच्या वादासाठी शेजारच्या शहरातले १९२० च्या दशकातले दस्त चाळायची वेळ माझ्यावर आली होती. टंकलेखन यंत्रावर ठोकलेली पानं. इमारतीची किमान किंमत, रस्त्यापासूनचं अंतर, कोंबड्या-डुकरं पाळू नयेत, आणि त्याच दमात पुढची ओळ: ही जागा गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये, भाड्याने देऊ नये, कुणी राहू नये, घरकामाचे नोकर वगळून. त्या काळात देशभर असे दस्त सर्रास होत. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अशा अटींची अंमलबजावणी कोर्टांनी करायची नाही. १९६८ च्या कायद्याने त्या बेकायदाच झाल्या. पण कागदावरून शाई कशी जाणार? त्या रस्त्यावर माझ्यासारखीला राहता आलं असतं ते मोलकरीण म्हणूनच. आणि आज त्याच जातीचा कागद हातात धरून मी गोऱ्या माणसांना सांगत फिरते, की तुमच्या दारातला फ्लेमिंगो काढा. माझ्या नवऱ्याला यात काव्यात्म न्याय दिसतो. मला तसा तो दिसत नाही. मला एवढंच कळतं, की नियम कोपऱ्यावरच्या कुंपणासाठी आहे की माणसासाठी, हे दर वेळी नीट वाचून बघावं लागतं.

दंड मी करते असा इथे सार्वत्रिक समज आहे. मला तो अधिकार नाही. आधी एक साधं, गोड भाषेतलं पत्र. मग दुसरं, कमी गोड. तरी काही हललं नाही तर वसाहतीचं बोर्ड दंड सुचवतं, आणि मग फ्लोरिडाच्या कायद्याने किमान चौदा दिवसांची नोटीस देऊन सुनावणी ठेवावी लागते. सुनावणी घेणाऱ्या समितीत तिघे तरी हवेत आणि ते बोर्डाचे सदस्य, नोकर किंवा त्यांचे नातेवाईक नकोत. त्यांनी दंड नामंजूर केला की विषय संपला, बोर्डाला काही करता येत नाही. दंड दिवसाला शंभर डॉलरपर्यंत, आणि नियमावलीत वेगळं काही नसेल तर एकूण हजारावर जात नाही. हजाराच्या आतल्या दंडासाठी घरावर बोजाही चढवता येत नाही. ऐकायला हे सगळं रुक्ष वाटतं, पण या कामात जी काही माणुसकी शिल्लक आहे ती इथेच, या मुदतींच्या आणि सुनावण्यांच्या सांदीत आहे. दुसरीकडे कुठे ती ठेवायची सोय नाही.

नवी आले तेव्हा मला वाटायचं, बिचाऱ्याकडे दुर्लक्ष करावं, काय बिघडतं. वर्गात शिकवलेलं होतं, पण डोक्यात उतरलं नव्हतं, की अशा ठिकाणी दुर्लक्ष करणं फुकट नसतं. एकाच्या दारातली बुटक्याची मूर्ती चालवून घेतली की दुसऱ्याच्या वकिलाला ती पुरते. १९७९ साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे व्हाइट इग्रेट नावाच्या कॉन्डोमिनियमचं प्रकरण आलं होतं. बारा वर्षांखालच्या मुलांना मनाई करणारा नियम न्यायालयाने वाजवी ठरवला. पण तो सगळ्यांना सारखा लावलेला नव्हता, म्हणून त्या मालकाविरुद्ध वापरू दिला नाही. म्हणजे तुम्ही दहा जणांवर दया केलीत, तर अकराव्यापुढे नियमच उरत नाही. मनात आलं तेव्हा सोडून द्यायची चैन इथे परवडत नाही. सगळ्यांना पत्र जायला हवं. पत्राआधी आणि पत्रानंतर काय करायचं ते माझ्या हातात.

पत्राआधी मी फोन करते. त्याचं कारण असं, की या वसाहतीत मोडलेला नियम बहुधा बेपर्वाईने मोडलेला नसतो. घर माणसाच्या आधी थकतं. ज्याचा ड्राइव्हवे दर वसंतात प्रेशर वॉशरने लखलखीत असायचा त्याचा यंदा काळा पडलाय, याचा अर्थ त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. झुडपं खिडकीवर चढली, म्हणजे कात्री धरणारे हात गेले. चक्रीवादळासाठी लावलेले पत्रे डिसेंबरातही खिडक्यांवर आहेत, तर ते उतरवायला आता कुणी नाही. आतला माणूस शेजाऱ्यांना हात हलवून “मस्त चाललंय” म्हणतो. बाहेरच्या भिंती खोटं बोलत नाहीत. माझ्या टॅबलेटवरची यादी अशी दवाखान्यातल्या केसपेपरांसारखी व्हायला लागते, आणि मी डॉक्टर नाही.

फोनवर मी गवताचं नाव पटकन काढत नाही. बऱ्याचदा समोरूनच येतं. “तुम्ही गवतासाठी फोन केलाय ना?” मग कळतं, की बागकामवाल्याचे पैसे बायको द्यायची, ती मार्चमध्ये गेली, आणि तो माणूस येणं कधी बंद झालं हे यांच्या लक्षातच आलं नाही. इथल्या चर्चच्या पुरुषमंडळाकडे गवत कापून देणाऱ्यांची यादी असते, ती मी देते. दोन दिवसांनी पत्रही जातं. पत्र थांबवता येत नाही. पण ते हातात पडेपर्यंत गवत कापलेलं असतं आणि मी फाइलवर ‘पूर्तता’ लिहून मोकळी होते.

कधी कधी पत्र मेलेल्या माणसाच्या नावाने जातं. काउंटीच्या नोंदीत मालक तोच असतो. मग ओहायोतून किंवा मिशिगनहून मुलीचा फोन येतो, रडवेला किंवा खवळलेला. त्यावर बोलण्यासारखं काही नसतं. तिचा पत्ता लिहून घ्यायचा आणि पुढची पत्रं तिकडे.

कुंपणाची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, मोटारीच्या कारखान्यात जन्म काढलेले. त्यांनी पुढच्या पोर्चला कमरेइतकं पांढरं प्लॅस्टिकचं कुंपण लावलं, त्याला फाटक. पुढच्या बाजूला कुंपण नाही म्हणजे नाही, हा आमच्या नियमावलीतला सगळ्यात स्पष्ट शब्दांतला नियम. तक्रार निनावी आली, सोबत फोटो आणि एक वाक्य: तुरुंगासारखं दिसतं. पत्र गेलं. त्याच्याच मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून उत्तर परत आलं: ‘काढणार नाही.’

फोन त्यांनी उचलला नाही. मी गेले आणि रस्त्यावर उभं राहून हाक मारली. ते स्वतः फाटकापर्यंत आले. तेव्हा जवळून दिसलं, की कडी आत नाही, बाहेरच्या अंगाला आहे, आणि तीही पार खाली, पायापाशी. वाकून हात बाहेर घातल्याशिवाय सापडणार नाही अशी. फाटकाच्या आत जमिनीवर एक काळं कुळकुळीत पायपुसणं. पाहुण्यांसाठी पायपुसणं बाहेर असतं, हे आत का, म्हणून मी बघत राहिले. ते म्हणाले, “तिला तो खड्डा वाटतो. खड्डा दिसला की ती मागे फिरते.” पत्नीला स्मृतिभ्रंश होता. त्याआधी दोनदा ती पहाटे बाहेर पडून गोल्फच्या तळ्यापर्यंत गेली होती. आणि फ्लोरिडातल्या तळ्याकाठी मगर असते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मी त्यांना म्हटलं, “माफी मागू नका. विनंतीही करू नका. फॉर्म भरा.” अपंगत्वामुळे किंवा अपंग करणाऱ्या आजारामुळे घरात वाजवी बदल करायचे असतील, तर ते स्वखर्चाने करू द्यायला हवेत, असं तोच १९८८ चा दुरुस्त कायदा सांगतो, त्यापुढे आमच्या डीड रिस्ट्रिक्शनचं काही चालत नाही. डॉक्टरांचं एक पत्र, कुंपणाचा साधा आराखडा, गरज असेपर्यंतच ठेवू असं लेखी. अशा बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीने एका बैठकीत होकार दिला. गृहस्थांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या मनात नियम म्हणजे शत्रू होता आणि त्याच नियमांच्या कपाटात त्यांचं कुंपण वाचवणारा कागद होता.

पण खरी गंमत, खरं तर वैताग, पुढे सुरू झाला. “त्यांना कुंपण चालतं, मग माझ्या कुत्र्यासाठी का नाही?” शेजारी, पलीकडचे, दोन गल्ल्या सोडून राहणारे. मला ‘मंजुरी आहे’ यापलीकडे एक अक्षर बोलता येत नव्हतं. आजाराची माहिती गोपनीय. ते स्वतः सांगू शकले असते. मी एकदा सुचवलंही. ते म्हणाले, “चाळीस वर्षं ती शाळेत शिकवत होती. आता तिला त्या नजरेने कुणी बघितलेलं मला चालणार नाही. लोकांना वाटू दे मी बोर्डातल्या कुणाला तरी चारलेत.” आणि लोकांना तसंच वाटलं. बैठकांत बोर्डाला टोमणे बसले, मलाही बसले, आणि ते गृहस्थ शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून शांतपणे ऐकत बसलेले असायचे.

नातवाचं प्रकरण इतकं सरळ सुटलं नाही. आमच्याकडे एकोणीस वर्षांखालचा पाहुणा वर्षातून तीसच दिवस राहू शकतो. एका जोडप्याकडे दहा-अकरा वर्षांचा नातू येऊन राहिला. त्याच्या आईचं व्यसनमुक्ती केंद्रात येणंजाणं चालू होतं. तक्रार आली ती चेंडूच्या आवाजाची. गॅरेजच्या दारावर चेंडू आपटल्याचा आवाज, दुपारी, झोपेच्या वेळी. आजी सुनावणीला पोराच्या शाळेचा अहवाल घेऊन आली. जणू काही त्याचे मार्क बघून समिती विरघळणार होती. समितीतल्या तिघांपैकी दोघांचे डोळे भरले होते. पण एक मूल इथे कायमचं राहिलं की पुढच्याला नाही म्हणता येत नाही, आणि वयाच्या ज्या सवलतीवर सगळी वसाहत उभी आहे तिच्यामागचं धोरण ढिलं पडतं, असा वकिलाचा सल्ला होता. यंगटाउनचं उदाहरण त्यानेच दिलं. आजी-आजोबांकडे राहायला आलेल्या अशाच एका नातवाच्या वादातून १९९८ मध्ये तिथलं वयाचं बंधनच उठलं. समितीने शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत दिली. त्यापेक्षा जास्त देणं तिच्या हातात नव्हतं. मे महिन्यात त्यांनी घर विकायला काढलं. ज्यांनी तक्रार केली होती ते, कोण होते हे मला माहीत असल्यामुळे सांगते, निरोपाच्या केकला आले होते.

यात कोण चूक, मला अजून सांगता येत नाही. इतरांनी तोच नियम वाचून आपली आयुष्यभराची पुंजी या घरांत घातली होती.

आता आपल्या माणसांविषयी. आमच्याकडे भारतीय घरं थोडी, त्यांत मराठी दोन-तीन. एका काका-काकूंनी पुढच्या हिरवळीच्या मधोमध सिमेंटचं तुळशीवृंदावन आणून बसवलं. न्यू जर्सीतल्या मंदिराजवळच्या दुकानातून, ट्रकने. पत्र गेल्यावर काकांनी फोन केला. “वहिनी, तुळशीला नोटीस? आणि तीही तुमच्या सहीची?” मी म्हटलं, काका, तुळस राहिली तर समोरच्याचे सात बुटकेही राहणार, आणि त्यांच्या शेजारच्याचा पांढरा क्रूसही. क्रुसाचं उदाहरण मी उगाच दिलं नव्हतं. आमच्यापासून काही अंतरावर द व्हिलेजेस नावाची प्रचंड वसाहत आहे, २०२० च्या जनगणनेत ऐंशी हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेली. तिथे अंगणातल्या वीतभर पांढऱ्या क्रुसांवरून प्रकरण दंडापर्यंत आणि कोर्टापर्यंत गेलं होतं. माझ्या मते धर्माच्या वस्तूला वेगळं न काढणं हेच अशा वसाहतीत सगळ्यात निर्धोक. काका फुरंगटले. काकूंनी मात्र पाच मिनिटांत निकाल लावला. “माझ्या माहेरी तुळस परसातच होती,” म्हणाल्या, आणि वृंदावन मागच्या लनाईबाहेर, म्हणजे जाळीच्या व्हरांड्याबाहेर गेलं, जिथे ते रस्त्यावरून दिसत नाही आणि कुणाच्या बापाचं काही जात नाही.

कपड्यांच्या दोरीवर मात्र मी काकूंच्या बाजूने उभी राहिले, आणि यात घरोब्याचा काही संबंध नव्हता. काकू ड्रायरला हात लावत नाहीत. साड्या, पंचे, परकर मागच्या अंगणात दोरीवर. तक्रार आली: गोल्फच्या मैदानावरून वाळत घातलेले कपडे दिसतात, घरांच्या किमती पडतील. आमच्या नियमावलीतही दोरीला मनाई छापलेली आहे. पण फ्लोरिडाचा एक कायदा असा आहे, की सौर पॅनेल, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि अशीच नैसर्गिक ऊर्जेवर चालणारी साधनं यांना डीड रिस्ट्रिक्शनने मनाई करता येत नाही. काकूंचा परकर वाळवणारी नायलॉनची दोरी ही फ्लोरिडा राज्याच्या लेखी अपारंपरिक ऊर्जेचं साधन आहे! मी कायद्याचं कलम टाकून तक्रार बंद केली. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. “मग त्यात नवल काय? उन्हानेच वाळतात ना?”

असे राज्याचे कायदे आमच्या नियमांना वरचेवर कात्री लावत असतात. २०२४ मध्ये ठरलं, की कचरा उचलायच्या दिवसाच्या आधी किंवा नंतर चोवीस तास डबा बाहेर दिसला तर दंड करता येणार नाही, आणि सणाच्या माळा जास्त दिवस राहिल्या तर आधी लेखी कळवून आठवडाभर थांबायला हवं. आमच्या दिवाळीच्या माळांना त्यामुळे नाताळपर्यंत जीवदान मिळतं. मग त्या सगळ्यांच्याच होतात.

या नोकरीत मला काही बदलता आलं तर मी निनावी तक्रार बंद करेन, असं मी पहिल्यापासून म्हणत होते. नियमांशी माझं भांडण नाही. शेजारचं गवत गुडघाभर झालं की साप-उंदीर माझ्याकडे येतात, हे मला कळतं. पण नाव न देता केलेल्या तक्रारीत गवत क्वचितच असतं. पिकलबॉलमधलं भांडण असतं, क्लबच्या निवडणुकीतला पराभव असतो, कुत्र्याच्या लघवीचा जुना राग असतो, आणि खूपदा नुसता रिकामा वेळ असतो. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ दर सोमवारी सकाळी नऊला फोन करायचे. नाव सांगायचे नाहीत. आवाज सगळ्या ऑफिसला पाठ. शनिवार-रविवार गोल्फ कार्टमधून फेरी मारून वही भरलेली असायची. पत्त्यांमागून पत्ते, प्रत्येकापुढे नियमाचा क्रमांक. क्रमांक कधी चुकायचा नाही. निम्म्या तक्रारी खऱ्या असायच्या, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

शेवटी कुंपणाच्या प्रकरणावरून बोर्डच कंटाळलं आणि ठराव झाला: यापुढे तक्रार लेखी, नावानिशी, सहीनिशी, नाव ऑफिसात राहील, पण राहील. बैठकीत बराच गोंधळ झाला. सूड घेतला जाईल, टायर फुटतील, वगैरे. टायर कुणाचे फुटले नाहीत. तक्रारी मात्र धपकन खाली आल्या. आता जे काही गवत यादीत येतं ते बहुतेक माझ्याच डोळ्यांनी बघितलेलं.

सोमवारचे गृहस्थ काही आठवडे गप्प होते. मग एके दिवशी नऊच्या ठोक्याला स्वतः ऑफिसात आले, फॉर्मचा अख्खा गठ्ठा मागितला, खिडकीजवळच्या टेबलावर बसले आणि वही उघडून एकेक फॉर्म भरत गेले. ठळक अक्षरांत स्वतःचं नाव, खाली झोकदार सही, प्रत्येकावर. त्यात एक पत्ता माझ्या घराचा होता. कचऱ्याचा डबा, बुधवार, सकाळी साडेसात. माझ्या घराची तपासणी माझा सहकारी करतो, म्हणून मी तो फॉर्म त्याच्याकडे सरकवला. आमच्या रस्त्यावर कचरा मंगळवारी उचलतात. चोवीस तासांत बसत होतं. सहकाऱ्याने कलमासकट तसं पत्र तयार केलं, आणि ते रीतसर पोस्टाने त्या गृहस्थांकडे गेलं.